कॅम्पर का विकला, हे एकदाच सांगतो

टेकडीवर, लग्नाच्या पंगतीत, पंपावर डिझेल भरताना, आणि परवा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंड वासून पडलो असताना, सगळीकडे एकच प्रश्न: "अहो, पिकअपवरचा तो छान कॅम्पर विकून हे मोटरहोमचं धूड कशाला घेतलंत?" (कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात ठेवायचा, हवा तेव्हा उतरवता येणारा घराचा बॉक्स. मोटरहोम म्हणजे गाडी आणि घर एकाच सांगाड्यात, आतून ये-जा करता येणारं.) विचारणाऱ्याकडे उत्तरही तयार असतं. वय झालं असेल. पैसा जास्त झाला असेल. वहिनींनी हट्ट धरला असेल. मी आजवर "तसंच काहीतरी" म्हणून वेळ मारून नेली. आता त्याचाही कंटाळा आला. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगतो. यापुढे कुणी विचारलं तर हेच वाचायला देईन.

आधी वहिनींचं. हिने कसलाही हट्ट धरला नाही. उलट कॅम्परचं गिऱ्हाईक येऊन विसार देऊन गेलं, तेव्हा ही माझ्याशी नीट बोलेना. त्यातला ओटा तिच्या कोपराची उंची मोजून, मी भोसरीच्या शेडमध्ये दिवसभर उभं राहून बनवून घेतला होता. पोळपाट उभा सरकवायची खाचसुद्धा होती. मोटरहोमचा ओटा कारखान्याच्या मापाचा आहे आणि तिला तो उंच पडतो, हे मला रोज ऐकवलं जातं.

वयाचं म्हणाल, तर ते अगदीच खोटं नाही. कॅम्परमधली झोपायची जागा ड्रायव्हरच्या टपावर. रात्री उठायचं झालं की आधी पालथं व्हायचं, मग पायाने शिडीची पायरी चाचपायची, आणि त्या खटाटोपात डोकं छताला एकदा आपटणारच हे धरून चालायचं. चाळिशीत याची मजा वाटते, साठीत खांदा धरतो. पण खांदा धरला म्हणून कुणी लाखो रुपये घालवत नाही. त्याला मलम मिळतं.

शिवाय मोटरहोमची सगळ्यात जास्त टिंगल मीच केलेली आहे, आणि तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी ती ऐकलेली आहे. म्हणून तर विचारता. माझं भाषण तुम्हाला पाठ असेल: गाडी वेगळी, घर वेगळं. चार कोपऱ्यांचे जॅक खाली सोडायचे, बॉक्स उचलायचा, खालून पिकअप काढून घ्यायची. घर अंगणात उभं, गाडी भाजी आणायला मोकळी. इंजिन बिघडलं तर गाडी गॅरेजला, घर जागेवर. घर गळायला लागलं तर ते शेडमध्ये, गाडी कामावर. पिकअप म्हातारी झाली की नवी घ्या, घर तेच चढवा. मोटरहोमवाल्याला मात्र दूध आणायला अख्खा संसार गुंडाळून न्यावा लागतो. वऱ्हाडाची बस म्हणायचो मी त्याला. यातला एक शब्दही आज मागे घेत नाही. (सोसायटीच्या कमिटीने जॅकवर उभ्या केलेल्या बॉक्सला 'विनापरवाना बांधकाम' ठरवून नोटीस लावली होती, ते भाषणात मी गाळायचो.)

आरटीओला घाबरून विकला, असाही एक पक्ष आहे. या पक्षाला थोडी जागा देतो. पिकअप मालवाहू, पिवळ्या पाटीची. हौद्यात ठेवलेला, साखळ्यांनी आवळलेला, हवा तेव्हा उतरवता येणारा बॉक्स हा माल की गाडीतला बदल? माझ्या मते माल. पण हे दर पासिंगला नव्या साहेबांना पहिल्यापासून समजवायचं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीतल्या फेरफारांचं. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने त्यावर स्पष्ट सांगितलं की कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ रचनेशी मेळ बसणार नाही असा बदल चालायचा नाही. ते वाचल्यापासून मी पिकअपच्या पत्र्याला एक स्क्रूही लागू दिला नव्हता. कर्नाटकात शिरताना एका हवालदाराने विचारलं, "माल क्या है?" म्हटलं, "घर." त्याने घराचं बिल मागितलं.

मोटरहोमला ही कटकट नाही, हे कबूल. एआयएस-१२४ हे खास मोटर कॅराव्हॅनचं, म्हणजे कागदोपत्री मोटरहोमचंच, मानक आहे. बैठक आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामानाची कपाटं, एवढं त्यात हवं. मान्यता बनवणाऱ्याने घ्यायची, आरसीवर तशी नोंद होते, खासगी वापराला पांढरी पाटी. संडास ही पाचवी गोष्ट, ती आमच्या आग्रहाची.

त्या आग्रहाचं कारण ताम्हिणीत आहे आणि ते मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

जुलैमधला रविवार. श्रीवर्धनहून परत येत होतो. ही माझ्या शेजारी, अप्पा मागच्या सीटवर. माझे वडील, तेव्हा ८४ वर्षांचे. हृदयासाठी सकाळची लघवीची गोळी त्यांना चुकवता यायची नाही. विळ्याला चहाला थांबलो तेव्हा विचारलं, "अप्पा, जाऊन येता का?" म्हणाले, "आत्ता नाही लागलेली." घाट चढायला लागलो आणि गाड्या थांबल्या. पावसाळ्यातल्या रविवारची ताम्हिणी पुण्याच्या माणसाला वर्णन करून सांगायला नको. दोन्ही कडांना लावलेल्या गाड्या, मधे एका गाडीपुरती वाट, त्या वाटेत समोरासमोर तोंड घालून उभ्या राहिलेल्या दोन बस, आणि कुणीच मागे घेणार नाही.

बऱ्याच वेळाने अप्पा म्हणाले, "जरा उतरायला हवं रे."

आता हे नीट बघा. अप्पांची पाठ टेकली होती तो केबिनचा मागचा पत्रा. त्यामागे वीतभर फट. फटीमागे बॉक्सची भिंत, आणि त्या भिंतीला लागूनच संडास. खास त्यांच्यासाठी दांडा बसवलेला, हाताला गार लागू नये म्हणून त्याला रबर गुंडाळलेलं. म्हणजे संडास त्यांच्यापासून एका हातावर होता. पण दार बॉक्सच्या मागच्या बाजूला. ते बाहेर उघडतं, आणि आधी खालची घडीची पायरी सोडावी लागते. त्याला अडीच-तीन फूट मोकळी जागा लागते.

छत्री घेऊन मागे गेलो. एक काळी एसयूव्ही आमच्या पायरीला जवळजवळ नाक लावून उभी. काचेवर टकटक केलं. गाडी चालवणारा पोरगा चांगला निघाला. म्हणाला, "काका, घेतो मागे, पण माझ्या मागे बघा." त्याच्या मागे टेम्पो, टेम्पोमागे वळणापर्यंत रांग. पुढे माझ्या बंपरसमोर बस. तरी तो भर पावसात उतरला आणि मागच्या एकेकाला समजावत निघाला, की थोडं थोडं सरका.

तोवर मी अप्पांचं दार उघडलं. पिकअप उंच. त्यांनी एक पाय फूटबोर्डवर टेकला, मी काखेत हात घातला. डाव्या हाताला धबधबा, त्याखाली पंचवीस-तीस पोरंपोरी, मोठा स्पीकर, नाच. आमचा कॅम्पर दिसला की लोक मोबाइल काढायचेच, एरवी मला त्याचा अभिमान होता. दोघा-तिघांनी इकडे मोबाइल वळवले. अप्पांनी ते पाहिलं. पाय आत घेतला.

"राहू दे."

"अप्पा, छत्री आहे. मी आडोसा धरतो, इथेच कडेला."

"राहू दे म्हणतो ना. दार लाव, पाऊस आत येतोय."

आता तुम्ही म्हणणार, अहो, युरिन पॉट ठेवायचा की गाडीत. आजवर ज्या दोघा-चौघांना हे सांगितलं ते सगळे हेच म्हणाले. पॉट होता. धुऊन, पुसून, बॉक्सच्या बाथरूममध्ये हुकला टांगलेला.

मी येऊन स्टिअरिंगवर बसलो. हिने मान न वळवता टॉवेल मागे धरला, अप्पांनी घेतला. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता, ते खिडकीबाहेर बघत होते. मी आरसा वर केला. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "काचेवर वाफ धरलीय बघ. एसी लाव." मी एसी लावला.

मग माझ्या काचेवर टकटक. नखशिखान्त भिजलेला तो पोरगा. "काका, झाली जागा! आता उघडेल तुमचं दार."

त्याला काय सांगणार? थँक्यू म्हणालो, आता नको म्हणालो. त्याचं तोंड पडलं.

घरी आल्यावर अप्पांनी कपडे कुणालाही धुऊ दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर जाऊन सांगितलं की श्रीवर्धनची ट्रिप फर्स्ट क्लास झाली. त्यानंतर ते कॅम्परमध्ये बसले नाहीत. नाही म्हणायचे नाहीत, कधी गुडघा, कधी कुणाची तरी मुंज, कधी "तुम्ही दोघं जा, मला क्रिकेट बघायचंय."

एका इंजिनीअर मित्राने उपाय सांगितला: केबिनच्या मागच्या पत्र्यात खिडकी काप, बॉक्सला समोर तशीच काप, मधे रबरी भाता लाव. परदेशात करतात म्हणे. एक तर तो पत्रा कापणं म्हणजे सरळसरळ ५२ व्या कलमात शिरणं. आणि समजा कापला. ८४ वर्षांच्या माणसाने, आयुष्यभर इस्त्रीचा सदरा घातलेल्या माणसाने, त्या भोकातून रांगत जायचं?

तेव्हा जे लोक डोळ्यांत पाणी आणून "वडिलांसाठी घेतलंत ना" म्हणतात, त्यांना सांगतो: नाही. अप्पा मोटरहोममध्ये एकदाही बसले नाहीत. गाडी तयार होत होती तेव्हाच ते गेले. कागदावरचा नकाशा मात्र मी त्यांना दाखवला होता. त्यांनी किंमत विचारली आणि "वेडा आहेस" म्हणाले. ते गेल्यावर ऑर्डर रद्द करता आली असती. आगाऊ भरलेले पैसे थोडे बुडाले असते, बास. मी रद्द केली नाही. का, ते मला धड सांगता येत नाही. एवढंच सांगतो की नंतर जेव्हा जेव्हा पिकअप चालवली, तेव्हा तो पत्रा मला पाठीला जाणवायचा.

यावर भाषण देणारा जुना मी गप्प बसत नाही. तो म्हणतो, एका रविवारच्या ट्रॅफिकचा राग तू गाडीच्या रचनेवर काढलास. श्रीवर्धनहून सोमवारी निघाला असतास तर ताम्हिणीत कुत्रंही नव्हतं, दहा मिनिटांत मोकळी जागा बघून थांबला असतास. आणि पॉट सीटखाली ठेवला असतास, तर खर्च शून्य. बरोबर आहे त्याचं. मी त्याला म्हणतो, गाडी वेगळी आणि घर वेगळं हे तुझं तत्त्व घर थांबलेलं असतानाच खरं, चालताना माणसं एकीकडे आणि घर दुसरीकडे. तो म्हणतो, चालत्या गाडीत तसंही पट्टा लावून बसायचं असतं. हेही बरोबर. असं आमचं चालू असतं, बहुतेक सिंहगड रोडच्या सिग्नलला.

आणि मोटरहोमने सुख दिलंय म्हणावं, तर तेही जपून. आकुर्डीच्या फोर्सची ट्रॅव्हलर, ४०२० मिलिमीटरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरच चार मीटर, आणि टपावर एसी आणि पंखा. केळशी-आंजर्ल्याच्या जांभ्याच्या गडग्यांमधून पिकअप आरामात जायची, आता अलीकडेच कुठेतरी लावून पिशव्या हातात घेऊन चालत जातो. गणपतीत पेठांकडे फिरकायची सोय नाही, मांडवांच्या कमानी आणि वायरी. कोथरूडात लावायला जागा नाही, म्हणून भूगावला महिन्याच्या भाड्याने प्लॉटवर उभी असते. म्हणजे गाडीपर्यंत पोचायला मला आधी स्कूटर काढावी लागते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे गणित दोन्हीकडे तेच. आणि कॅसेट संडास, म्हणजे खालची टाकी काढून हाताने ओतायची तो, रिकामा करायला आपल्याकडे ठरलेली जागा नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण मी अजून पेट्रोल पंपाच्या मॅनेजरला दहा वेळा साहेब म्हणून त्यांच्या संडासाची किल्ली मागतो. ती कॅसेट कशी वाहून न्यायची आणि ओतताना वास कुठल्या दिशेला येतो, हे मोटरहोमच्या चकचकीत माहितीपत्रकात नसतं.

मागे नवले पुलाजवळ तासभर अडकलो होतो. कंटेनर आडवा झालेला, सगळं ठप्प. ही उठली, मागे गेली, आली, बसली. तिला काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं. पण तेवढ्यासाठी एवढा खर्च बरोबर होता का, असं विचाराल तर मी पुन्हा "तसंच काहीतरी" म्हणेन.

तुम्ही घ्यायच्या विचारात असाल तर मला कॅम्पर की मोटरहोम हे विचारू नका. बरोबर कोण येणार ते आधी ठरवा. दोघंच असाल, गुडघे धड असतील, कोकणातल्या गल्ल्यांत शिरायचं असेल, तर पिकअपच घ्या. माझा कॅम्पर घेतलेल्या गिऱ्हाईकाचा नंबर देतो, तो विकायला काढायच्या बेतात आहे असं ऐकतो. फक्त दार कुठे आहे ते पाहून घ्या, आणि पॉट सीटखाली ठेवा.

आणि मायलेज विचारू नका. आठ-नऊ देते. घाटात सात.