महिन्याचा उपवास

रविवार, रात्र

पाय भरून आलेत, तरी आजच लिहून ठेवते. उद्या ऑफिसच्या गडबडीत निम्मं विसरेन.

पहाटे कल्याणहून जुन्नरची एसटी धरली, वैशाखऱ्याच्या पुढे फाट्यावर उतरले आणि चालत नाणेघाट चढले. याआधी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा पावसाळ्यात, उलटा धबधबा बघायला. तेव्हा गुहेत फक्त डबे उघडून जेवलो होतो. या वेळी गुहेसाठीच गेले. तिथल्या लेखाच्या जुन्या लिपीतली, ब्राह्मी अक्षरं महिनाभर गिरवत होते.

कल्याण-सोपाऱ्याच्या जुन्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला चढायचा. माथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात.

गुहेच्या दोन्ही बाजूंच्या भिंती लेखाने भरल्या आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. यज्ञांची यादी आहे, त्यात अश्वमेध दोन. मग दक्षिणा: गाई, हत्ती, घोडे, कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी, आणि सगळ्याचे आकडे. शून्य नाही. शंभराला वेगळी खूण, हजाराला वेगळी. त्यांच्या शेजारीच कुणीतरी खिळ्याने बदाम कोरलाय. फार वाईट वाटलं.

मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्याचे पुतळे होते. आता उरलीत ती नुसती पावलं, आणि वर नावं. मोबाइलचा उजेड तिरका धरून शोधत गेले. उभी रेघ, तळाशी आडवी, म्हणजे न. मग य, पुन्हा न, मग अधिकच्या चिन्हासारखा क. नायनिका! शेजारी तिचा राजा, सातकर्णी. मी मोठ्याने वाचलं. तिचं नाव मी पुस्तकातून नाही, दगडावरून वाचलं. अंगावर काटा आला.

आपण तिला नागणिका म्हणतो. बाजूच्या लेखात तिच्यासाठी एक शब्द आहे, 'मासोपवासिनी'. महिनाभर उपवास करणारी. घरात राहून तपस्विनीसारखी जगलेली. एवढ्या हत्ती-घोड्यांच्या हिशेबात हा शब्द कुणाला तरी कोरावासा वाटला, तिथेच मी अडकले. उतरताना वाटभर तोच डोक्यात.

घरी आल्यावर आजीला सांगितलं. आजीने अधिक महिन्यात कितीदा धारणं-पारणं केलंय, एक दिवस उपास, एक दिवस जेवण. तिला राणीचं काही विशेष वाटलं नाही, उपासाचं वाटलं.

"महिनाभर? आणि फराळाला काय घेत होती गं?"

म्हटलं, तेव्हा साबुदाणा नव्हता, बटाटा नव्हता, शेंगदाणेसुद्धा नव्हते. हे सगळं फार नंतर समुद्रापलीकडून आलं.

आजी जपमाळ हातात घेऊन बराच वेळ गप्प होती.

"मग दुधावरच असणार," म्हणाली. "गाई होत्या म्हणतेस ना पुष्कळ."