मुंबई–लंडन किती तास? माझा हिशेब

लंडनला किती तास लागतात असं कुणी विचारलं, की मी आधी विचारतो, जायचंय कोणत्या महिन्यात? समजा तिकिटावर मुंबई दुपारी १.०० आणि लंडन संध्याकाळी ५.३० असं आहे. ही वजाबाकी करून साडेचार तास काढणारे भेटतात. पण दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे, म्हणून साडेचारात साडेपाच मिळवायचे : १० तास. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. त्या मधल्या महिन्यांत साडेचारच मिळवायचे. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, आणि घ्यायला येणारा तासभर ताटकळतो.

अंतरासाठी भिंतीवरचा नकाशा नको. त्यावर पट्टी ठेवून आखलेल्या रेषेने गेलं तर साधारण ७,४०० किमी पडतात. पृथ्वीगोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरा, भरतात जवळपास ७,२००. दोरा पश्चिमेला न जाता वायव्येला निघतो : बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन, काळा समुद्र, ओडेसाच्या आसपासचा युक्रेन, मग मध्य युरोप. विमान मात्र दोऱ्यावरून जाईलच असं नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना वाट बंद केली. त्याची झळ दिल्लीला जास्त, मुंबईचं विमान निघाल्या निघाल्या अरबी समुद्रावरून वळतं.

आता ७,२०० ला ताशी ९०० ने भागलं की ८ तास येतात. तिकिटावरचे १० खोटे नाहीत. ते विमान गेटवरून मागे ढकललं जातं तेव्हापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंत मोजतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि रांग लागते. हीथ्रोला उतरण्याआधी घिरट्या ठरलेल्याच. शिवाय जाताना समोरून वारा. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा झोत हिवाळ्यात ताशी दीडशे-दोनशे किमीवर सहज जातो. येताना तोच पाठीशी असतो, म्हणून परतीचा प्रवास बहुधा तासभर तरी कमी. जायचे तास दुप्पट करून येण्याजाण्याचा हिशेब मांडू नका.

दुबईमार्गे गेलं तर फार लांब पडतं, हाही एक समज. मुंबई–दुबई सुमारे १,९३० आणि दुबई–लंडन ५,५००, म्हणजे सरळ मार्गापेक्षा जेमतेम सव्वादोनशे किमी जास्त. वेळ खातं ते दुबईचं थांबणं, आणि दोनदा उतरणं-चढणं. तिकीट बघताना मी किलोमीटर सोडून थांब्याचे तासच आधी बघतो.