आंब्याच्या अलीकडे तीन तास

कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता मी एसटीने कितीदा केलाय याची गणती नाही, पण आता डोळे मिटले की त्यातला मलकापूर ते घाटमाथ्यावरचं आंबा गाव एवढाच तुकडा समोर येतो. रत्नागिरीला बदली झाली, खोली मिळाली, सामान हलवायचं होतं. टेम्पोची चौकशी करायला लागले तर आप्पा म्हणाले, "परक्याची गाडी कशाला? आपली 407 हाय की." 407 म्हणजे टाटाचा छोटा ट्रक, गाडी 1998 ची. आम्हा दोघा बहिणींची शिक्षणं तिच्यावरच झाली. आता महिन्यातून चार खेपा करते, एरवी दारात उभी असते.

ती आठवडाभर सकाळी लवकर चालू होत नव्हती. कोल्हापुरातल्या एका गॅरेजवाल्याने फिल्टर बदलला, त्यावरचा बोल्ट कचकचून आवळला आणि 1,850 रुपये घेतले. फिल्टरखाली डिझेल ठिबकत होतं ते थांबलं, म्हणून आम्हीही गप्प बसलो. त्या पैशांचा मला अजून राग आहे. चुकतं कुणाचंही, पण घाट उतरणारी गाडी टाकी-पाइप न बघता बाहेर कशी सोडतात?

वाघबीळच्या चढाला गाडीने पहिल्यांदा दम टाकला. आप्पांनी डिझेल हाताने चढवायचा हँड पंप मारला, चालू झाली. बांबवड्याला पुन्हा तेच. चौपदरीकरणामुळे रस्ता ठिकठिकाणी खणलेला, धूळ नाकातोंडात, आणि 407 च्या केबिनमध्ये इंजिनाची धग पायाला चटके देते. मलकापूर मागे पडलं आणि आंबा यायच्या आत गाडी तिसऱ्यांदा बंद पडली. मी म्हटलं, "आप्पा, पुढं उतारच आहे, साखरप्याला जाऊन बघू." ते म्हणाले, "इंजिन बंद पडलं की ब्रेक दगड होतो पोरी. हितंच बघायचं. घाटात नाय उतरायचं."

हे त्यांचं वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही. 407 चा ब्रेक इंजिन चालू असताना तयार होणाऱ्या व्हॅक्यूमवर हलका होतो. इंजिन थांबलं की दोन-तीनदा दाबल्यावर तो जड होतो, मग सगळं पायाच्या ताकदीवर. मागे माझं कपाट, गॅसची शेगडी, आईने दिलेली गादी. आणि बाजूला दरी असणार होती.

तासभर आम्ही दोघंच खटपट करत होतो. समोरून जांभ्याचे चिरे घेऊन कोकणातून वर येणारा एक ट्रक थांबला. चालक चाळिशीचा असेल. खाली उतरला आणि "काका, सकाळी सेल्फ जास्त मारायला लागतो का?" एवढंच विचारलं. आप्पा म्हणाले, होय. "टाकी भरली की बरी चालते?" आप्पा थबकले. खरंच, मागच्या महिन्यात टाकी फुल केली होती तेव्हा काही तक्रार नव्हती. तो म्हणाला, "मग डिझेल बाहेर पडत नाही, हवा आत शिरतीय."

हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या पुढच्या पाइपात दाब असतो, तिथं गळलं तर डिझेल दिसतं. टाकीपासून फीड पंपापर्यंत मात्र ओढ असते. तिथं चीर पडली तर चालू गाडीत थेंबही सांडत नाही, उलट हवा आत ओढली जाते. उभ्या गाडीत पाइपातलं डिझेल टाकीत परत उतरतं, म्हणून सकाळी त्रास. आणि हवा दबते, डिझेल दबत नाही. इंजिनात डिझेल फवारणारं नोझल उघडायला जो प्रचंड दाब लागतो तो मग तयारच होत नाही.

त्याच्या केबिनमध्ये गवंड्याची लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरून पातळी बघायची पारदर्शक नळी होती, चिऱ्यांबरोबर कुणाला तरी पोचवायची. तिचा वीतभर तुकडा कापून त्याने फीड पंपाच्या तोंडाशी बसवला आणि गाडी चालू करायला सांगितली. मी वाकून बघत होते. पिवळसर डिझेलातून मोहरीएवढे बुडबुडे रांगेने पळत होते! मग तोच तुकडा टाकीच्या तोंडाशी. तिथं डिझेल काचेसारखं स्वच्छ. म्हणजे दुखणं मधल्या भागात. चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या पट्टीला घासून रबरी पाइप क्लिपेखाली फाटला होता. बाहेरून क्लिप झाकत होती. बोटाने वाकवला तेव्हा चीर तोंड उघडल्यासारखी उघडली.

मी म्हटलं, ही ट्यूबच राहू दे ना, दिसतंही आतलं. तो म्हणाला, "ताई, डिझेलात ती कडक होऊन तडकते. घाटात तडकली तर?" त्याच्याकडे डिझेलचा होज होता, दोन नव्या क्लिपा होत्या. मधल्या काळात मी नोझलच्या पाइपाशी ओल दिसते का म्हणून हात नेला, तर त्याने माझं मनगट धरून मागे खेचलं. तिथली बारीक धार कातडीतून आत घुसते, वर सुईएवढं भोक दिसतं आणि आत हात सडतो. त्याने पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून दाखवला, कोरडा होता.

फिल्टरवरचा जास्त आवळलेला बोल्टही त्याने उघडला. तांब्याचा वायसर दबून कडक झालेला. नवा नव्हता, म्हणून त्याने स्टोव्ह रस्त्यापलीकडे, डिझेलपासून लांब नेला, वायसर पकडीत धरून लालभडक केला आणि तांब्यातल्या पाण्यात टाकला. चर्र आवाज झाला. असा तापवला की तांबं मऊ पडतं आणि पुन्हा बसतं. आप्पा गाडीवर चाळीस वर्षं काढूनही ते लहान पोरासारखं बघत होते.

शेवटी हवा काढायची होती. फिल्टरचा बोल्ट सैल करून मी हँड पंप मारत राहिले. आधी फेस, मग फुरफुर, मग सलग धार. बोल्ट आवळला तशी पंपाची मूठ जड झाली.

पैसे त्याने घेतले नाहीत. आईने बांधून दिलेल्या दशम्या मात्र घेतल्या, निम्म्या तिथंच उभ्याने खाल्ल्या. एकदाही त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही, आणि त्याच्या मागे घाटाचा चढ होता, गाडी भरलेली होती.

घाट धुक्यात उतरलो. साखरपा, पाली, हातखंबा, मग रात्री रत्नागिरी. बाकी काही लक्षात नाही. गादीला डिझेलचा वास लागलाय, तो दोन दिवसांत गेला नाही.

सकाळी सहाला खाली आवाज आला म्हणून मी खिडकीत आले. आप्पांनी चावी फिरवली. एका सेल्फात गाडी लागली. त्यांनी ती बंद केली, दोन मिनिटं थांबले, आणि पुन्हा चालू करून बघितली.