मॅलकाइट : सांध्यांमधली कला

तांब्याच्या खनिजांपासून घडवलेल्या कलावस्तूंचे संग्राहक सहसा अखंड दगडाला सर्वाधिक मान देतात. मला मात्र मॅलकाइटच्या बाबतीत जोडकामच श्रेष्ठ वाटते, आणि त्याचे कारण या हिरव्या दगडाच्या जडणघडणीतच आहे.

तांब्याच्या धातुकाच्या वरच्या थरांतून झिरपणारे पाणी तांबे विरघळवून नेते आणि कार्बोनेटशी संयोग झाल्यावर त्या तांब्याचे मॅलकाइट होऊन ते खडकातल्या पोकळ्यांमध्ये थरावर थर असे साचत जाते. काही थरांतले स्फटिक बारीक असतात, काहींतले जाडसर. त्यामुळे फिकट आणि गडद हिरवे पट्टे उमटतात. आडवा छेद घेतला तर वर्तुळे दिसतात, उभा घेतला तर लहरत्या फिती. पण अशा घडणीमुळे दगडाच्या पोटात फटी राहतात आणि मोठ्या फुलदाणीजोगा निर्दोष तुकडा क्वचितच हाती लागतो.

रशियातल्या कारागिरांनी या उणिवेतूनच आपली शैली उभी केली. उरल पर्वतातल्या खाणींचा दगड घेऊन ते त्याच्या काही मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापत, त्या धातूच्या किंवा साध्या दगडाच्या गाभ्यावर बसवत आणि सांध्यांत मॅलकाइटचीच भुकटी मिसळलेले लुकण भरत. चकत्यांच्या कडा पट्ट्यांच्या वळणाप्रमाणे कापल्यामुळे एका तुकड्यातली फीत पुढच्या तुकड्यात सहज शिरते आणि झिलईनंतर सांधा शोधावा लागतो. १८३७ च्या आगीनंतर सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यात वास्तुकार अलेक्झांडर ब्रियुल्लोव्ह यांनी रचलेल्या मॅलकाइट दालनातले स्तंभ याच पद्धतीचे आहेत. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात उरलमधल्या खाणींचे मालक असलेल्या देमिदोव्ह घराण्याने मॅलकाइटने मढवलेले दरवाजेच मांडले होते. याला नुसता मुलामा म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण इथे खरी निर्मिती चकत्यांच्या निवडीत आणि जुळणीत आहे.

आज बाजारातला बराचसा मॅलकाइट काँगोमधून येतो. भुकटी आणि राळ यांपासून बनवलेले नकली दगडही विकले जातात; त्यांचे पट्टे बहुधा सरळ आणि एकसुरी असतात. अस्सल दगडाची कठिणता मोहस् मापनावर (खनिजांच्या कठिणतेच्या १ ते १० या श्रेणीवर) जेमतेम ३.५ ते ४ असल्याने साध्या धुळीतल्या वाळूच्या कणांनीही त्याची झिलई ओरखडते आणि लिंबाच्या रसासारख्या आम्लाने ती मंदावते. म्हणून अशी वस्तू मऊ, किंचित ओलसर कापडाने, अजिबात न घासता पुसावी.