झूम असताना रेम कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते. रेम हे वेबपानावरचं मापाचं एकक: पानाच्या रूटला, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या घटकाला, अक्षरांचा जो आकार असेल त्याच्या पटीत मोजायचं; तिथे काही लिहिलं नसेल तर ब्राउझरचा मूळ आकार धरला जातो. प्रश्न ठरलेला असतो: "झूम केलं की पिक्सेलमधली अक्षरंही मोठी होतात. मग चालू साइटचे सगळे फॉन्ट-साइझ रेममध्ये बदलायचा आटापिटा कशासाठी?"

होतात, मान्य. अक्षरं 200 टक्के वाढली तरी पान वापरता यावं, हा डब्ल्यूसीएजीचा (वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचा) निकषही झूमवर पार पडतो. पण ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा मूळ आकार वेगळा ठरवता येतो. सहसा तो 16 पिक्सेल असतो, कुणी 24 करून ठेवतं. तुम्ही 14 पिक्सेल लिहिलंत की त्या माणसाची निवड पुसली गेली. 0.875 रेम लिहा: 16 ला 14च दिसेल, 24 ला 21.

एका अर्जाच्या साइटवर हे काम चाललं होतं. हिशोब सोपा जावा म्हणून टीमनं रूटला थेट 10 पिक्सेल दिले होते. 62.5 टक्के लिहा, 16 चे 10च होतात, असं मी सांगत होते. "एकच तर आहे," हे उत्तर. मग चाचणीसाठी दृष्टी अधू असलेले एक गृहस्थ आले. त्यांच्या ब्राउझरला 24 होतं. आमचं पान उघडलं आणि अक्षरं हललीच नाहीत. सगळीकडे रेम, आणि तरी कुलूप. त्यांनी चेहरा स्क्रीनला जवळजवळ टेकवला. झूम का करत नाही, असं कुणीतरी विचारलं. त्यांनी करून दाखवलं: मोबाइलची मांडणी आली, बाजूचा मेन्यू गायब झाला. "झूम केलं की मला पानच सापडत नाही," ते म्हणाले. आम्ही तिथेच 62.5 टक्के केलं. अक्षरं वाढली, पण बटणाची उंची 40 पिक्सेलला बांधलेली आणि ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाणारा मजकूर लपवा, असा नियम), त्यामुळे लेबलची दुसरी ओळ कापली गेली. "याच्यापुढे काही लिहिलंय का?" त्यांनी विचारलं. खोलीत कुणी बोललं नाही.

म्हणून पिक्सेलला 16 नं भागून रेम लिहिले, एवढ्यावर मी थांबत नाही. उंचीच्या जागी किमान उंची द्यावी लागते, लाइन-हाइट (ओळीची उंची) एककाशिवाय, अक्षरांच्या पटीत लिहावी लागते. बॉर्डर एक पिक्सेलची राहिली तर माझी हरकत नाही. पूर्वी मी पॅडिंगसकट (मजकुराभोवतीच्या मोकळ्या जागेसकट) सगळं रेममध्ये असा हट्ट धरायचे. पण 24 च्या सेटिंगला तेच पॅडिंग मोबाइलवर इतकं फुगतं की ओळीत मोजके शब्द उरतात, आणि वाचायचंच तर होतं.

मीडिया क्वेरींचं, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणाऱ्या नियमांचं, मात्र मला अजून सुटलेलं नाही. त्या एममध्ये (इथे हे एककही ब्राउझरच्या मूळ आकारावर मोजतात) लिहिल्या तर मोठी अक्षरं ठेवणाऱ्यालाही मोबाइलची मांडणी मिळते, म्हणजे त्या गृहस्थांना जी नको होती तीच. पिक्सेलमध्ये ठेवल्या तर तीन रकान्यांत मोठी अक्षरं दाटतात. सध्या मी एम लिहिते आणि मेन्यू लपू देत नाही. तो उघडा ठेवल्यानं पहिला मजकूर स्क्रीनखाली जातो, ही तक्रारही खरी आहे.