ज्ञानकोशात न सापडलेलं

रविवार, रात्री उशिरा

नॅन्सी गार्डनची ‘ॲनी ऑन माय माइंड’ आज पुन्हा वाचून संपवली. १९८२ची कादंबरी, न्यूयॉर्कमध्ये घडणारी. लायझा आणि ॲनी या १७ वर्षांच्या दोघी मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये भेटतात. लायझाला आर्किटेक्ट व्हायचंय, ॲनी सुरेख गाते. मैत्री जमते, आणि हळूहळू लायझाला उमगेनासं होतं की हे मैत्रीच्या पुढचं काही आहे का.

तिचं हे न उमगणं लेखिकेने किती जपलंय! कुठेही घाई नाही. जवळ यावंसं वाटतं, मग भीती वाटते, मग त्या भीतीचाच राग येतो. एकदा ती वडिलांचा ज्ञानकोश उघडून समलैंगिकतेवरचा लेख वाचते. एवढा लांबलचक लेख, पण त्यात प्रेमाचा साधा उल्लेखही नाही. ती चिडते. त्या पानावर मीही दरवेळी चिडते. ज्या वयात कुणाला विचारायची सोय नसते, त्या वयातली मुलगी मोठ्या आशेने पुस्तक उघडते आणि तिच्या मनात जे चाललंय तेच नेमकं त्यातून गाळलेलं असतं.

पुढचा भाग वाचताना छातीवर दडपण येतं. शाळेतल्या दोन शिक्षिका सुट्टीत बाहेरगावी जातात, त्यांच्या मांजरांना खाऊ घालायचं काम लायझाकडे असतं. या दोघी बाईही एकमेकींच्या जोडीदार आहेत, हे मुलींना त्या घरात कळतं. मग मुली पकडल्या जातात. लायझाची शाळा सुटत नाही, पण त्या दोन्ही बाईंची नोकरी जाते. त्या ओझ्याखाली लायझा पुढे कॉलेजातून ॲनीला पत्रसुद्धा लिहू शकत नाही. आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं या विचाराने माणूस स्वतःचं प्रेमही नाकारू लागतं, हे मला फार खरं वाटतं.

१९९३मध्ये कॅन्सस सिटीत या पुस्तकाच्या प्रती जाळल्या गेल्या. जवळच्या ओलेथाच्या शाळांनी ते ग्रंथालयातून काढून टाकलं. तेव्हा विद्यार्थी आणि पालक कोर्टात गेले, आणि १९९५मध्ये न्यायाधीशांनी पुस्तक परत ठेवायला लावलं. शाळेत शिकणारी मुलं एका गोष्टीच्या पुस्तकासाठी साक्ष द्यायला उभी राहिली, याचा मला अजूनही अभिमान वाटतो. माझा त्यांच्याशी काही संबंध नसतानाही.

आपल्याकडे समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा निकाल २०१८मध्ये लागला, आणि ते संबंध गुन्हा राहिले नाहीत. पण निकालपत्र काही दहावी-अकरावीतली मुलं वाचत नाहीत. त्यांच्या हाती गोष्टच पडायला हवी, आणि ती वेळेवर पडायला हवी.

भाचीने सुट्टीत वाचायला काहीतरी मागितलंय. तिला हेच देणार आहे. आवडलं का एवढंच विचारीन. बाकीचं तिला सांगावंसं वाटलं तर सांगेल, नाहीतर नाही.