दुसरा गिटारवाला

"मामा, तो दुसरा गिटारवाला पण काय भारी वाजवतोय!" भाचा म्हणाला आणि मी एकदम थांबलोच, कारण दुसरा गिटारवाला नव्हताच ना तिथे, तो यान हॅमर होता, मिनीमूगवर, म्हणजे पट्ट्यांच्या छोट्या सिंथेसायझरवर.

आम्ही ऐकत होतो महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा जॅझ-रॉक बँड, १९७३. जॉन मॅकलॉफ्लिनची खरी गिटार, आणि तिच्यासमोर हा माणूस डाव्या हाताने पिच व्हील, म्हणजे सूर वरखाली सरकवणारं चाक, फिरवत सूर असा वाकवतो की अक्षरशः मींड वाटते. मींड निघत नाही म्हणून आपल्याकडे आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली होती, आणि हा ते पट्ट्यांच्या वाद्यावर करत होता!

हॅमर मूळचा चेकोस्लोव्हाकियातल्या प्रागचा, १९६८ ला रशियन रणगाडे घुसले आणि देश सुटला. पुढे १९८४ पासून 'मायामी व्हाइस' या अमेरिकन टीव्ही मालिकेचं संगीत, दर एपिसोडला नवीन, घरच्या स्टुडिओत, जवळपास सगळं एकट्याने. १९८५ मध्ये त्या मालिकेची ट्यून बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीत, १ नंबरला गेली, शब्द नाहीत, गायक नाही, तरी.

भाचा म्हणाला परत लाव. मग डोळे मिटून बोटाने दाखवत बसला, ही गिटार, हा मूग, ही गिटार...

एकदाच चुकला. तुम्हाला येतं ओळखता?